आकड्यामागचं क्रिकेट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांच्या प्रश्नमंजूषांची तयारी सुरू होते आणि आमच्याकडे पत्रांचा ओघ वाढतो. या वेळी नाशिक शहर, सिन्नर आणि ओझरहून आलेली बरीचशी पत्रं क्रिकेटमधल्या आडवाटेच्या विक्रमांबद्दल आहेत. काही पत्रांत प्रश्नासोबत उत्तरही लिहून पाठवलंय आणि ‘बरोबर आहे ना?’ एवढंच विचारलंय. अशी उत्तरं बहुतेक वेळा अर्धी बरोबर असतात. आकडा खरा असतो, पण तो कशाचा हे निसटलेलं असतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो आहोत.

प्रश्न : बापू नाडकर्णी आपल्या नाशिकचे. त्यांनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली हे पाठ आहे. पण काही ठिकाणी १३१ चेंडू असं लिहिलेलं असतं. २१ गुणिले ६ म्हणजे १२६ होतात. मग खरं काय? आणि हा जागतिक विक्रम आहे का?
– एक वाचक, पंचवटी

दोन्ही आकडे खरे आहेत. नाडकर्णींचा जन्म ४ एप्रिल १९३३चा, नाशिकचा. विक्रम घडला जानेवारी १९६४मध्ये, मद्रासच्या कसोटीत, इंग्लंडविरुद्ध. भारताने ७ बाद ४५७वर डाव घोषित केला होता (बुधी कुंदरन १९२, विजय मांजरेकर १०८). इंग्लंडच्या पहिल्या डावात नाडकर्णींचं पृथक्करण झालं ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी.

हे पृथक्करण स्पेलनुसार सुटं केलं की कोडं सुटतं. त्यांनी चार स्पेल (एका टप्प्यात टाकलेली षटकं) टाकले : ३-३-०-०, मग ७-५-२-०, मग १९-१८-१-० आणि शेवटी ३-१-२-०. कागदावर बेरीज करून पाहा, ३२-२७-५-० बरोबर येते. आता तिसऱ्या स्पेलमध्ये निर्धाव षटकं १८च आहेत आणि चौथ्यात एकच. म्हणजे सलग २१ची मालिका या दोन स्पेलमध्ये मावत नाही, तिची सुरुवात दुसऱ्या स्पेलमध्येच झालेली असणार. गोलंदाजाने मध्ये विश्रांती घेतली तरी त्याची निर्धाव मालिका तुटत नाही, त्याच्या चेंडूवर धाव निघाली की तुटते. २१ षटकांचे १२६ चेंडू, आणि मालिकेच्या कडेला असलेल्या, धाव निघालेल्या षटकांमधले आणखी ५ निर्धाव चेंडू, असे १३१. या चेंडूंना ११४ मिनिटं लागली. समोर ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन होते. दोघेही बचावात पक्के, आणि त्या दिवशी दोघांनीही धोका पत्करायचा नाही असं ठरवलेलं दिसतं. डावखुऱ्या फिरकीचा तोच टप्पा, तीच यष्टीची रेघ, आणि फलंदाजाचा पुढे आलेला पाय. बळी एकही नाही, हेही प्रश्नमंजूषेत विचारण्याजोगं आहे.

जागतिक विक्रमाचं उत्तर मात्र प्रश्न कसा विचारला आहे यावर ठरतं. सलग निर्धाव षटकं म्हणाल तर कसोटीत नाडकर्णींची २१ हाच विक्रम. सलग निर्धाव चेंडू म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफिल्डचे १३७. हे त्यांनी जानेवारी १९५७मध्ये डर्बनला इंग्लंडविरुद्धच टाकले. त्या काळी दक्षिण आफ्रिकेत षटक आठ चेंडूंचं होतं, त्यामुळे टेफिल्डची षटकं कमी भरतात आणि चेंडू जास्त. प्रश्न विचारणाऱ्याने ‘षटकं’ की ‘चेंडू’ हा एक शब्द घातलाच पाहिजे, नाहीतर मंचावर भांडण ठरलेलं.

आणखी एक दुरुस्ती. ‘कसोटीतला सर्वांत कमी धावा देणारा गोलंदाज’ म्हणून नाडकर्णींचं नाव सर्रास सांगतात. ४१ कसोट्यांत ९१६५ चेंडू, २५५९ धावा, ८८ बळी, म्हणजे षटकामागे १.६७ धावा. आकडा थक्क करणाराच आहे. पण दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर गॉडार्डने त्याहून जास्त, ११७३६ चेंडू टाकून सरासरी १.६४ ठेवली आहे. तेव्हा ‘भारताचा सर्वांत काटकसरी प्रमुख गोलंदाज’ म्हणा, ते निर्विवाद आहे. आणि नाडकर्णींना नुसतं निर्धाव षटकांत अडकवू नका. त्याच मालिकेत कानपूरला फॉलोऑननंतर (पहिल्या डावात खूप मागे पडल्याने लगेच दुसरा डाव खेळावा लागल्यावर) त्यांनी नाबाद १२२ धावा काढून सामना वाचवला होता.

प्रश्न : मी क्लबच्या सामन्यांना गुणलेखन करतो. षटकात चार बाय गेल्या तर निर्धाव धरायचं का? वाइड गेला तर? आमच्याकडे दर सामन्याला यावरून वाद होतो.
– एक गुणलेखक, नाशिकरोड

बाय (चेंडू बॅटला किंवा अंगाला न लागता पळालेल्या धावा) आणि लेगबाय (अंगाला लागून पळालेल्या) गोलंदाजाच्या नावावर लागत नाहीत. त्यामुळे षटकात चार बाय गेल्या तरी षटक निर्धावच. वाइड किंवा नोबॉल पडला की निर्धावपण गेलं, कारण त्या धावा गोलंदाजाच्या खात्यात जातात. इथे एक जुनी गोष्ट लक्षात ठेवा. साधारण १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाइड-नोबॉल गोलंदाजाच्या पृथक्करणात धरत नसत, नुसत्या अवांतरात (बॅटने न निघालेल्या धावांत) जात. म्हणून जुन्या आणि नव्या पृथक्करणांची तुलना करताना मोजमाप एकच नाही हे सांगून तुलना करावी.

वहीतल्या खुणांबद्दल : निर्धाव चेंडूला टिंब. सहा टिंबं तीन-तीनच्या दोन ओळींत मांडा आणि निर्धाव षटक संपलं की ती रेघेने जोडून ‘एम’ करा. त्यात बळी असेल तर ‘डब्ल्यू’. वाइडला अधिकचं चिन्ह, नोबॉलला वर्तुळ, बायला त्रिकोण, लेगबायला उलटा त्रिकोण. वाइडवर फलंदाज पळाले तर त्या सगळ्या धावा वाइडच, आणि त्या सगळ्या गोलंदाजावर. नोबॉलवर बॅटला न लागता बाय पळाल्या तर २०१७च्या नियमांपासून एक धाव नोबॉलची गोलंदाजावर आणि बाकीच्या बाय म्हणून. बऱ्याच वह्यांत त्या अजून नोबॉल म्हणूनच लिहिल्या जातात आणि बेरीज तिथेच चुकते. फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत वाइड मोजायचा नाही, नोबॉल मोजायचा.

डाव संपल्यावर बेरीज दोन्ही बाजूंनी जुळवा. समजा फलंदाजांच्या धावा १३८, आणि अवांतर १२ (वाइड ५, नोबॉल २, बाय ३, लेगबाय २), एकूण १५०. मग गोलंदाजांच्या रकान्याची बेरीज १३८ अधिक ७ म्हणजे १४५ यायला हवी. १५० आली तर कुणीतरी बाय आणि लेगबाय गोलंदाजावर मारल्या आहेत. एक-दोन धावांचा फरक येत असेल तर आधी एकेरी धावांनंतर स्ट्राइक कुणाकडे गेला ते तपासू नका. त्याने फलंदाजांच्या वैयक्तिक धावा चुकतात, एकूण चुकत नाही. एकूण चुकली असेल तर दोष अवांतराच्या रकान्यात किंवा षटकागणिक पुढे नेलेल्या बेरजेत शोधा.

प्रश्न : भाऊसाहेब निंबाळकर ४४३वर नाबाद राहिले, ब्रॅडमनचा विक्रम मोडायला थोड्याच धावा हव्या होत्या, तरी डाव का थांबला? महाराष्ट्राने घोषित केला का?
– एक वाचक, गंगापूर रोड

नाही, आणि हे वारंवार चुकीचं सांगितलं जातं. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी करंडक, प्रतिस्पर्धी काठियावाड. काठियावाडच्या २३८ धावांना उत्तर देताना महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. निंबाळकर नाबाद ४४३, त्यात ४९ चौकार आणि १ षटकार. कमल भांडारकरांनी (२०५) त्यांच्यासोबत दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली होती. प्रथम श्रेणीतला (याचा अर्थ पुढच्या उत्तरात) तेव्हाचा उच्चांक डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२, जानेवारी १९३०चा. बरोबरीला ९ धावा हव्या होत्या, मोडायला १०. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी आणखी खेळायला नकार दिला आणि सामना सोडून दिला. डाव घोषित झाला नाही, बाद कुणी झालं नाही, समोरचा संघच मैदानात आला नाही. प्रतिस्पर्ध्याने सामना सोडला की पंच तो दुसऱ्या संघाला बहाल करतात. निंबाळकरांच्या हातात पुढे काहीच उरलं नव्हतं.

ब्रॅडमनचा उच्चांक नंतर हनीफ मोहम्मदने जानेवारी १९५९मध्ये मोडला : कराचीकडून ४९९, आणि पाचशेव्या धावेसाठी पळताना धावबाद. मग ६ जून १९९४ला ब्रायन लाराच्या नाबाद ५०१. पण प्रथम श्रेणीत ४००चा टप्पा ओलांडणारे भारतीय अजूनही निंबाळकर एकटेच, आणि कसोटी एकही न खेळलेल्या फलंदाजाची जगातली सर्वोच्च खेळीही हीच. एवढी खेळी करूनही त्यांना कसोटीची टोपी मिळाली नाही याची खंत महाराष्ट्राने बाळगलीच पाहिजे.

याच मोसमाची आणखी एक नोंद करून ठेवा. मार्च १९४९मध्ये पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांचा रणजी उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा, प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातल्या सर्वाधिक. शतकं नऊ. महाराष्ट्राने दोन डावांत १०११ धावा केल्या आणि ३५४ धावांनी हरला!

प्रश्न : कल्याणच्या शाळकरी मुलाने १००९ केल्या, मग लाराच्या ५०१ला विक्रम का म्हणतात?
– एक विद्यार्थी, इंदिरानगर

कारण रकाने वेगळे. प्रणव धनावडेच्या नाबाद १००९ (जानेवारी २०१६, संघाच्या ३ बाद १४६५) हा कोणत्याही स्तरावरच्या नोंद झालेल्या क्रिकेटमधला वैयक्तिक उच्चांक आहे. त्याआधी तो मान इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सच्या नाबाद ६२८कडे होता, १८९९पासून, आणि तोही शाळेतलाच सामना. प्रथम श्रेणीसाठी मात्र सामना किमान तीन दिवसांचा, अकरा-अकराचा, प्रत्येकी दोन डावांची सोय असलेला आणि देशाच्या मंडळाने तो दर्जा दिलेला असावा लागतो. तुझ्या प्रश्नात ‘प्रथम श्रेणी’ असेल तर लारा, ‘कोणत्याही स्तरावर’ असेल तर धनावडे.

प्रश्न : एकट्याने संघाच्या धावांचा सर्वांत मोठा वाटा कुणी उचलला? विजय हजारेंचं नाव ऐकलं आहे.
– एक वाचक, सिन्नर

ऐकलं ते उगाच नाही. सांगलीत जन्मलेले हजारे डिसेंबर १९४३च्या पंचरंगी (धर्मावर आधारलेल्या पाच संघांच्या) स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ‘रेस्ट’ म्हणजे उरलेल्या समाजांच्या संघाकडून हिंदू संघाविरुद्ध खेळले. मैदान ब्रेबोर्न. त्या स्पर्धेत हजारे आणि विजय मर्चंट यांची जणू चढाओढ लागली होती. आधी हजारेंच्या २४८, मग अंतिम सामन्यात मर्चंटच्या नाबाद २५०, आणि त्याला उत्तर म्हणून फॉलोऑननंतर हजारेंच्या ३०९. संघाची एकूण धावसंख्या ३८७. उरलेले दहाजण आणि अवांतर मिळून ७८! भाऊ विवेक हजारेंबरोबर ३००ची भागीदारी झाली, त्यात विवेक यांचा वाटा २१. त्या २१ धावांना आम्ही कमी लेखणार नाही. समोरचं टोक धरून ठेवणारा कुणी नसता तर ३०९ झाल्याच नसत्या. तरीही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला.

टक्केवारीत हे ७९.८४ येतं. प्रथम श्रेणीचा विक्रम याच्याही पुढे आहे : न्यूझीलंडच्या ग्लेन टर्नरने वूस्टरशरकडून १९७७मध्ये १६९पैकी नाबाद १४१ केल्या, ८३.४३ टक्के. कसोटीत चार्ल्स बॅनरमन, १८७७च्या पहिल्यावहिल्या कसोटीत २४५पैकी १६५, म्हणजे ६७.३४ टक्के. पहिल्याच सामन्यात झालेला विक्रम अजून टिकून आहे.

प्रश्न : २०११ला वानखेडेवर भारत-वेस्ट इंडिज कसोटीत दोन्ही संघांच्या धावा सारख्या झाल्या होत्या. मग ‘टाय’ का नाही?
– एक वाचक, सिडको

वेस्ट इंडिज ५९० आणि १३४, भारत ४८२ आणि ९ बाद २४२. दोन्हीकडे ७२४. शेवटच्या चेंडूवर दोन हव्या होत्या, अश्विनने एक काढली आणि दुसरीसाठी पळताना धावबाद झाला. तो नववा गडी. दहावा गडी शिल्लक होता, भारताचा डाव संपला नव्हता, वेळ संपली. कसोटीत ‘टाय’ म्हणायला शेवटी खेळणाऱ्या संघाचा डाव पूर्ण झालेला असावा लागतो. म्हणून ‘समान धावांवर अनिर्णित’. असं आधी एकदाच झालं होतं, १९९६मध्ये बुलावायोला, झिंबाब्वे आणि इंग्लंड यांच्यात.

खऱ्या ‘टाय’ कसोट्या फक्त दोन : डिसेंबर १९६०ची ब्रिस्बेन आणि सप्टेंबर १९८६ची मद्रास. मद्रासला मनिंदरसिंग पायचीत झाला तेव्हा शेवटच्या षटकाचा एक चेंडू बाकी होता. दहा गडी बाद, धावा ७४४ विरुद्ध ७४४.

प्रश्न : ‘टाइम्ड आउट’ नेमकं कधी? आणि चेंडू हाताळल्याबद्दल बाद होणं बंद झालं का?
– पंचगिरी शिकणारा एक वाचक, ओझर

गडी बाद झाल्यापासून तीन मिनिटांत नवा फलंदाज (किंवा त्याचा साथीदार, ज्याची पाळी असेल तो) पुढचा चेंडू खेळायला तयार हवा. मैदानात पाऊल टाकलं म्हणजे झालं, असं नाही. २०२३च्या विश्वचषकात ही मुदत दोन मिनिटांची होती. ६ नोव्हेंबरला दिल्लीत श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज क्रीजवर पोचला, पण हेल्मेटचा पट्टा तुटला, बदली हेल्मेट येईपर्यंत वेळ गेली, बांगलादेशने अपील केलं आणि तो आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधला अशा रीतीने बाद झालेला पहिला फलंदाज ठरला. अपील हा शब्द वहीत अधोरेखित करा. जानेवारी २००७मध्ये केपटाऊनला सौरव गांगुली सहा मिनिटं उशिरा आला होता, ग्रॅमी स्मिथने अपीलच केलं नाही, गांगुली खेळला. हा बळी गोलंदाजाच्या खात्यात जात नाही.

चेंडू हाताळणं बंद झालेलं नाही, २०१७पासून ते ‘क्षेत्ररक्षणात अडथळा’ या कलमात मिसळलं आहे. त्यामुळे बाद होण्याचे प्रकार आता नऊ, आणि आजार किंवा दुखापत नसताना निवृत्त झालेला फलंदाज वेगळा. मोहिंदर अमरनाथचा जुना विक्रम यामुळे आता कुणाला गाठताच येणार नाही. एकदिवसीय सामन्यांत तो चेंडू हाताळल्याबद्दल बाद झाला (मेलबर्न, १९८६) आणि क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दलही (अहमदाबाद, १९८९). हे दोन रकाने आता एकच आहेत.

प्रश्न : आमच्या टेनिसबॉल स्पर्धेत नेट रनरेटवरून दोन संघ भांडले. दोघांचं गणित वेगळं येतंय.
– एक संयोजक, सातपूर

नेट रनरेट म्हणजे षटकामागे केलेल्या धावांतून षटकामागे दिलेल्या धावा वजा. त्यात तीन जागी चूक होते. पहिली : १८.४ षटकं म्हणजे १८ षटकं ४ चेंडू. भागाकाराला १८.६७ घ्यायचे, १८.४ नाही. १५१ धावांना १८.६७ने भागलं तर ८.०९ येतात, १८.४ने भागलं तर ८.२१. गुणतक्त्यात एवढा फरक संघ बाहेर काढतो. दुसरी : सर्वबाद झालेल्या संघाची पूर्ण षटकं धरायची. २०च्या सामन्यात १८.४ षटकांत १२०वर सर्वबाद झाले तर १२० भागिले २०, म्हणजे ६. समोरच्या संघाने २० षटकांत १५० केल्या असतील तर त्यांचा त्या सामन्यातला नेट रनरेट ७.५ उणे ६, अधिक १.५. तिसरी चूक सर्वांत जास्त दिसते : प्रत्येक सामन्याचा रनरेट काढून त्यांची सरासरी घेणं. तसं करायचं नाही. स्पर्धेतल्या सगळ्या केलेल्या धावांची बेरीज भागिले खेळलेली सगळी षटकं, त्यातून दिलेल्या सगळ्या धावा भागिले टाकलेली सगळी षटकं वजा करायची. तुमच्या दोन संघांपैकी ज्याने बेरजा आधी केल्या आणि भागाकार शेवटी, त्याचं उत्तर धरा. मात्र त्याने सर्वबाद डावांची पूर्ण षटकं घेतली आहेत ना, तेवढं वहीत बघून घ्या.